मशीनला चाकं लावणार नाही

सुनेनं परवा बाजारातून चार चाकं आणली. लहान, रबराची, फ्रिजखाली लावतात तसली. म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या धुडाला लावून टाकू. झाडताना सरकवता तरी येईल." मी म्हणलं, चाकं परत कर, ते मशीन सरकायचं नाही. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हातारा चळला असं वाटलं असणार तिला.

मशीन म्हणजे माझा अँप्लिफायर. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, जाड लाकडी खोक्यातला. आत लोखंडाचे ट्रान्सफॉर्मर, खाली परातीएवढा स्पीकर. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून माझी बेस गिटार उभी असते. ह्या मशीनला चाकं लाव, असं मला आजवर सगळ्यांनी सांगितलंय. सुतारानं सांगितलं, एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं, डॉक्टरनं तर माझ्या कमरेचा फोटो उजेडात धरून सांगितलं. मी लावली नाहीत. लावणारही नाही. का, ते एकदा सांगून टाकतो.

आमचं मूळ गाव कळंबजवळच्या वाशीकडं. त्या गावात डफडं वाजवायचा मान आमच्या घराचा होता. मान गावाच्या बोलण्यातला. आमच्यासाठी ती बिगार होती. गावात लग्न निघालं की नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. त्या परण्याच्या पुढं माझ्या आज्यानं डफडं वाजवत चालायचं. भर उन्हात, अनवाणी. पायात वहाणा असल्या तर मोठ्या लोकांच्या दारापुढून जाताना काढून हातात घ्यायच्या. आणि शेवटी मांडवाबाहेर बसून उरलंसुरलं खायचं. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी माझ्या वडलांनी ते डफडं भर चौकात पायाखाली फोडलं आणि गाव सोडलं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा कळंबला शाळेत शिपाई झाले. शाळेची घंटा तेवढी वाजवायचे. "ती सरकारी हाय," म्हणायचे. घरात कुणी ताटावर नुसती बोटं वाजवली तरी त्यांचे डोळे मोठे व्हायचे.

आणि असल्या घरात मला वाजवायचं खूळ लागलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होतो. जिकडंतिकडं विहिरी खोल करणं चालू होतं. कुठं तरी सुरुंग उडायचा, तो आधी तळपायाला कळायचा आणि मग कानाला. पोटात काही नसलं तरी तो हादरा मला आवडायचा. पुढं काही वर्षांनी कळंबला एक ऑर्केस्ट्रा आला. गाणारा पुढं, नाचणारी त्याच्याही पुढं, आणि सगळ्यांच्या मागं एक जण चार तारांची गिटार घेऊन निवांत उभा. त्यानं पहिली तार छेडली आणि माझ्या तळपायाला तोच सुरुंग लागला. नाचणारीला सोडून मी सगळा वेळ त्या माणसाकडं बघत बसलो. म्हणलं, आपलं हेच.

माझ्या मामाची गायन पार्टी होती. मामा पेटी वाजवत गायचा, एक जण ढोलकीला, मागं कोरसला दोघंतिघं. जयंतीला आणि वस्त्यावस्त्यांच्या कार्यक्रमांना त्यांना लई मागणी असायची. त्यात बेस आणायची म्हणून मी दादांपुढं उभा राहिलो.

"दादा, मला मामाच्या पार्टीत वाजवायचंय."

"आपुन वाजवायचं सोडलंय."

"हे डफडं न्हाय. बेस हाय. कानाला कमी, तळपायाला जास्ती लागतं."

"पायाला? कान काय पायाला असत्यात व्हय रं?"

मी जेवण सोडलं. आई मधे पडली. शेवटी एका संध्याकाळी दादा वहाणा झटकत झटकत म्हणाले, "वाजीव. पर चालत वाजवायचं न्हाय. कुणाच्या म्होरं चालत न्हाय. ज्याला ऐकायचंय त्यो येऊन बसंल. तू जागा सोडायची न्हाय." एवढी एकच अट. मी हो म्हणालो. तेव्हा वाटलं, लई स्वस्तात सुटलो.

सोलापूरला एका दुकानात मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा माल विकायला आला होता. मी आणि मामा गेलो. बेस दोन होत्या. एक लालभडक, पोकळ, हलकी, नव्या नवरीसारखी नटलेली. ती वाजवून बघितली तर जरा आवाज वाढवला की आपलीच घुमायला लागायची, आवरायचीच नाही. दुसरी काळपट, भरीव लाकडाची, पट्टा लावून उभं राहिलं की खांद्यात रुतायची. पण तार छेडली की आवाज जिथल्या तिथं पडायचा आणि जिथल्या तिथं थांबायचा. मी काळी घेतली. इथपर्यंत मामाची ना नव्हती.

मग मशीनची पाळी आली. एक ट्रान्झिस्टरचं होतं, हातात धरून नेता येईल असं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरसुद्धा चालणारं. मामानं त्याच्यावर हातच ठेवला. लग्नसराईत गाड्यावर ठेवून चालत चालत वाजवता आलं असतं, आणि खरी कामं तिथंच होती. मी कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हच्या खोक्याकडं बोट दाखवलं.

"हे मशीन हाय का पिठाची गिरणी?" मामा म्हणाला. "उचलायचं कुणी, तुझ्या सासऱ्यानं?"

"मला सासरा न्हाय अजून."

"हे घेतलंस तर मिळायचा बी न्हाय."

मामाला ते जड होतं म्हणून नको होतं. मला ते जड होतं म्हणूनच पाहिजे होतं. चालत वाजणारं मशीन घरात आलं की आज ना उद्या कुणी तरी म्हणणार, चल, जरा परण्यापुढं चल. आणि माझ्या तोंडून नाही निघालं नाही तर? हे धूड असलं की प्रश्नच मिटला. ते हलत नाही, म्हणून मी हलत नाही. मी दुकानातच भांडलो आणि तेच घेतलं.

त्या मशीनबरोबर नांदणं सोपं नव्हतं, बाबा. एसटीच्या टपावर चढवायला दोघं खाली, दोघं वर. व्हॉल्व्ह काढून ज्वारीच्या डब्यात रोवून न्यायचे, म्हणजे खड्ड्यात आदळलं तरी काच फुटत नाही. डबा माझ्या मांडीवर. कंडक्टर विचारायचा, "सोयरीक हाय का?" गावात पोचल्यावर मशीनवर गुंडाळलेली वाकळ काढायची, व्हॉल्व्ह बसवायचे, बटण दाबायचं आणि ते तापेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की वीज इतकी मरतुकडी यायची की व्हॉल्व्ह विझत्या निखाऱ्यासारखे दिसायचे. तरी ते गुरगुरत का होईना वाजायचं. आणि आर्थिंग नीट नसलं तर तारेला हात लावला की झिणझिण्या. म्हणून जमिनीत सळई ठोकायची आणि तिच्या बुडाला पाणी ओतायचं. कोरड्या सालात मी ते घरातनं कॅन भरून न्यायला लागलो, तेव्हा आई पदर खोचून आडवी आली. "माणसाला प्यायला न्हाय, अन् तू खिळ्याला पाजायलास?" तिचंही खरंच होतं. पण आर्थिंगशिवाय वाजवलं असतं तर तिलाच माझी तिरडी बांधायला लागली असती.

दादांनी त्या मशीनला कधी बोट लावलं नाही. मशीन घराबाहेर काढायचं असलं की ते उठून लिंबाखाली जाऊन उभे राहायचे. उभ्या जन्मात दुसऱ्याचा बोजा पुन्हा उचलणार नाही, असं त्यांचं होतं. मी म्हणलं, नका उचलू.

मग पुन्हा एक तसलंच कोरडं साल आलं आणि आमच्या मूळ गावाहूनच सुपारी आली. सहकारी साखर कारखान्याचा एक संचालक तिथला. त्याच्या पोराचं लग्न, आणि संध्याकाळी मांडवात स्टेजवर आमचा कार्यक्रम. मामा हरखून गेला. दादा म्हणाले, मीबी येतो. गाव सोडल्यापासून ते तिकडं फिरकले नव्हते. त्यांनी त्या दिवसासाठी नव्या वहाणा घेतल्या, करकर वाजणाऱ्या.

वाशीच्या स्टँडवर ट्रॅक्टर आला होता. मशीन ट्रॉलीत चढवलं, आम्ही बसलो. पण गावात शिरल्यावर ट्रॅक्टर मांडवाकडं वळलाच नाही, तो मारुतीच्या देवळापुढं जाऊन थांबला. तिथं घोडा सजवून तयार, तेरखेड्याच्या फटाक्यांची पोती लावलेली, आणि एका जनरेटरला फुलांच्या माळा. संचालक हसत हसत पुढं आला.

"तू त्याचा नातू न्हवं का? तुझ्या आज्यानं माझा परण्या काढला. आता माझ्या पोराचा तू काढ. तुमच्या घरचाच मान हाय त्यो. मशीन ट्रॉलीतच ऱ्हाऊ दे, जनरेटर ट्रॉलीत टाकू. तू लांब वायर लावून म्होरं चाल."

झालं! माझ्या न हलणाऱ्या मशीनला त्यानं दोन मिनिटांत चाकं लावली.

मामा माझ्या कानाशी लागला. "घटकाभराचं काम हाय. कारखान्याची मोळीपूजा, सोसायटीचे मेळावे, समदं ह्याच माणसाच्या हातात हाय. गप वाजीव." मी दादांकडं बघितलं. ते देवळाच्या पायरीकडं बघत उभे होते. मला राग असा आला होता की काही सुचेना.

मी आणि ढोलकीवाल्यानं मशीन ट्रॉलीतून खाली घेतलं आणि मातीत ठेवलं. ते परत चढवायला चार तगडी पोरं आली. ती वाकली, आणि मी मशीनवर बसलो. बेस मांडीवर घेतली.

"उचला," मी म्हणलं. "माझ्यासकट उचला."

चौघं वाकलेले तसेच थबकले. मशीनला हात लावायला कुणाची ना नव्हती. मला लावायला होती. देवाला निघालेली माणसं; मला शिवली असती तर परत अंघोळ आली, आणि त्या साली अंघोळीला पाणी होतं कुठं! ज्या विटाळानं माझ्या आज्याला जन्मभर मांडवाबाहेर बसवलं, तोच विटाळ त्या दिवशी माझ्या मशीनची राखण करायला लागला. मला हसू फुटलं. मोठ्यानं हसलो मी, त्या देवळापुढं.

"माजलास का?" संचालक म्हणाला. आता हसणं गेलं होतं.

"व्हय, माजलाव. ऐकायचं असंल तर बसा, हितंच वाजवतो."

"जनरेटर माझा हाय. बघतो कशावर वाजवतूस."

तेव्हा दादा म्हणाले, "उठ."  वाटलं, संपलं, ह्यांनीच मान खाली घातली. मी उठलो. दादा खाली वाकले आणि त्यांनी मशीनची पलीकडची मूठ धरली. "ह्यो बोजा दुसऱ्याचा न्हाय. आपला हाय. धर तिकडनं."

आम्ही बापलेकांनी ते मशीन गावाच्या मधून आमच्या वस्तीपर्यंत नेलं. दादा करकर वहाणा वाजवत त्या सगळ्या दारांपुढून गेले. थांबत थांबत, धापा टाकत, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मामा मागं पेटी घेऊन आम्हा दोघांना शिव्या घालत येत होता, पण येत होता. वस्तीच्या समाजमंदिरात विजेचा मीटर होता. मी सळई ठोकली. जमीन भाजलेल्या विटेसारखी झाली होती, आणि माझा कॅन ट्रॉलीतच राहिला होता. दादांची म्हातारी चुलती दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली, टँकरच्या पाण्याची कळशी घेऊन आली आणि सळईच्या बुडाशी रिकामी केली. "पाज त्याला," म्हणाली.

परण्या बाजाविनाच निघाला. फटाके तेवढे वाजले. आम्ही ऊन कलल्यावर सुरू केलं, तेव्हा वस्ती पुढं बसली होती. हळूहळू लग्नाची पाहुणे मंडळी वस्तीच्या कडेला येऊन उभी राहिली. काही उभ्या उभ्या ऐकून गेली. काही पुढं आली आणि आमच्या ताडपत्रीवर बसली. संचालक आला नाही. पुढं त्या भागातलं एकही काम आम्हाला मिळालं नाही, आणि मामा लई दिवस माझ्याशी बोलला नाही. असू दे.

त्या संध्याकाळचं एकच सांगायचं राहिलं. मी वाजवत होतो आणि दादा बाजूला उभे होते. एकाएकी ते वाकले आणि त्यांनी वहाणा काढल्या. माझा हात तारेवर आखडला. आता कुणापुढं? कोण आलं? मी मान वर करून बघितलं. कुणी आलं नव्हतं. दादांनी वहाणा शेजारी नीट ठेवल्या, अनवाणी पाय मातीत घट्ट रोवले आणि माझ्याकडं बघून मान हलवली. "थांबलास कामून? वाजीव की," म्हणाले. "आलं पायापातूर."