दहापैकी दोन

लोकरीची बट दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धरायची, कानाजवळ न्यायची आणि मधल्या बोटाने टिचकी मारायची. पक्की असली तर तार छेडल्यासारखी बारीक वाजते, कच्ची असली तर मुकाट तुटते. नोएलिन पास्कोने चाळीस वर्षं हेच केलं. ऑस्ट्रेलियातल्या नरांडेराच्या आसपासच्या शेडमध्ये मेंढ्यांची कातरणी सुरू झाली की टेबलापाशी ती उभी असे, आणि कुठली लोकर कुठल्या गासडीत जायची ते तिच्या शब्दावर ठरे. भरलेल्या गासडीवर तिच्या नंबराचा शिक्का बसे. त्या शिक्क्याबद्दल गिरणीतून एकदाही तक्रार आली नव्हती. हे ती स्वतः सांगत नसे, मर्व सांगे.

मर्व डॉसन कातरणीचा ठेकेदार, तोंडाने फाटका, मनाने बरा. ऑगस्टातल्या एका दुपारी लोकरीच्या तेलाने गुळगुळीत झालेल्या फळ्यांवरून नोएलिनचा पाय सटकला आणि ती उजव्या हातावर पडली, तेव्हा तो चार पावलांवर होता. मनगट जेवणाच्या काट्याच्या दांड्यासारखं वाकलं होतं. तरी उरलेल्या साठ मेंढ्यांची लोकर तिने डाव्या हाताने निवडली आणि मगच त्याच्या गाडीत बसली.

"पडायचंच होतं तर जेवणाच्या सुट्टीत पडायचंस," मर्व म्हणाला.

"पुढच्या वेळी विचारून पडेन."

एवढंच बोलणं झालं. दवाखाना सव्वा तासावर होता.

तिथे टॅम्सिन नावाची तरुण नर्स कागद घेऊन आली. ती रुग्णांची सेवा करणारी नव्हती, उपचारांच्या अभ्यासाची नर्स होती. खुर्ची ओढून बसली आणि सावकाश सांगू लागली. "साठीच्या पुढच्या माणसाचं मनगट असं मोडलं की काही डॉक्टर नुसतं प्लास्टर घालतात, काही ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवतात. कशाने जास्त बरं होतं, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. म्हणून आम्ही मोजतोय."

"मग माझं कोण ठरवणार?"

"कॉम्प्युटर. तुमच्या मर्जीने नाही, डॉक्टरांच्याही नाही."

"चिठ्ठ्या टाकता म्हण की."

"तसंच समजा."

नोएलिनला ते पटलं. गासडीतला नमुनाही न बघताच काढतात, बघून काढला तर त्याला अर्थ नाही. तिने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. कॉम्प्युटरने प्लास्टर दिलं.

त्यानंतर ठरल्या दिवशी सिडनीहून फोन येऊ लागले. आवाज गोड, एका मुलीचा. सुरुवातीलाच ती बजावायची, "तुमच्यावर कोणता उपचार झाला ते मला सांगू नका हं, मिसेस पास्को. मला कळता कामा नये." मग प्रश्न. वर्षभराने आलेला फोन सगळ्यांत महत्त्वाचा, असं टॅम्सिनने आधीच सांगून ठेवलं होतं.

"गेल्या आठवड्यात मनगट किती दुखलं? शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं सर्वांत वाईट."

नोएलिनला कल्पना करावी लागली नाही. कॉलिनचा, तिच्या नवऱ्याचा, कर्करोग शेवटी पाठीच्या कण्यात उतरला होता. सात आठवडे तो पुढच्या खोलीत पडून होता. ओरडू नये म्हणून उशीचा अभ्रा दातांत धरायचा, आणि ती सकाळी तो अभ्रा बदलायची. ते दहा. त्याच्यापुढे हे मनगट म्हणजे काय?

"दोन लिही."

"शर्टाची बटणं लावायला त्रास होतो?"

सगळे बटणांचे शर्ट तिने कधीच चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकले होते. आता ती डोक्यातून घालायचे स्वेटरच वापरे. "नाही."

"सुरीने मांस कापायला?"

चॉप घरात येऊन वर्ष झालं होतं. खिमा चमच्याने खाता येतो. "नाही."

"नेहमीचं काम?"

"चाललंय."

"छान," मुलगी म्हणाली. "फारच चांगली सुधारणा आहे तुमची."

तिला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. त्या भागात कसं आहे विचारलं की चाललंय म्हणायचं. त्याहून जास्त माणूस फक्त गुरांच्या डॉक्टरला सांगतो, तेही कुत्र्याबद्दल.

शुक्रवारी क्लबात मर्वही विचारायचाच.

"हात कसा?"

"बरा आहे."

"तुझ्या जागी घेतलेली जनेल बरी पोरगी आहे, पण टेबलापाशी गाणी म्हणते. दोन हंगाम ऐकली मी. येत्या स्प्रिंगला, सप्टेंबरात, तू येतेस का, सांग. वुराबिनची शेड तिसऱ्या कुणाला देत नाही मी."

"येईन की."

पुढच्या शुक्रवारी त्याने सांगितलं, जनेलला नको म्हणून कळवलं.

त्या रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या सकाळपासून नोएलिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सराव करू लागली. जुन्या पोत्यातली लोकर काढायची, बट वेगळी करायची, ताणायची. डावी चिमूट घट्ट बसे. उजवी बसल्यासारखी वाटे आणि बट निसटे. मनगट अंगठ्याच्या बाजूला कललं होतं, मुरगळून सोडून दिलेल्या नळासारखं. अंगठा आणि शेजारचं बोट प्लास्टर काढल्यापासून बधिर होतं. जाड लोकर आणि बारीक लोकर त्यांना एकच. तिने कान अगदी जवळ नेला, पण टिचकीआधीच बट खाली पडे. रोज ती चाळीस बटा मोजून घेई. एखाद्या दिवशी चार वाजत. मग ती म्हणे, उद्या पाच वाजतील.

जुलैत दवाखान्यातून पत्र आलं. अभ्यास पूर्ण झाला होता, भाग घेतलेल्यांसाठी ऑगस्टअखेर निकाल आणि चहा होता.

सभागृहात चाळीसेक माणसं होती, सगळी साठीच्या वरची, धुतलेल्या बुटांतली. डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक प्लास्टरची, एक ऑपरेशनची. त्या एकमेकींवर इतक्या नीट बसल्या होत्या की एकच दिसत होती. "काहीही फरक नाही," डॉक्टर म्हणाले. "यापुढे आपल्या भागात या वयाच्या माणसांना विनाकारण चिरावं लागणार नाही. हे आम्हाला तुम्ही शिकवलंत." टाळ्या पडल्या. नोएलिननेही वाजवल्या, डावा तळवा मांडीवर मारून.

चहाच्या रांगेत तिच्यापुढे बार्लो गावचा म्हातारा एर्रोल टिबेट होता. त्याचंही उजवं मनगट. एका हातात बशी आणि एका हातात कप त्याला जमेना, म्हणून त्याने लॅमिंग्टन केकची बशी खिडकीत ठेवली आणि कप डाव्या हातात घेतला.

"हात कसा, एर्रोल?"

"चाललंय. तुझा?"

"उत्तम."

मग तिने खोलीभर पाहिलं. भिंतीशी उभी ती लाल टोपीवाली, खुर्चीतले दोघे भाऊ, दारातला उंच माणूस. कप डाव्या हातात. सगळेच नव्हेत, पण पुष्कळ. आणि त्यांच्यामधून टॅम्सिन किटली घेऊन फिरत होती, प्रत्येकाला विचारत होती, आणि प्रत्येक जण हसून मान हलवत होता.

नोएलिनने तिला कोपऱ्यात गाठलं.

"पोरी, माझं हाड वाकडं जुळलंय. ते कापून सरळ करतात ना?"

"करतात. पण तुमचा वर्षाचा आकडा..." टॅम्सिनने तिला बाजूच्या खोलीत नेऊन यादी पाहिली. "सगळ्या उत्तरांचा मिळून अकरा आहे, शंभरापैकी. जितका कमी तितकं चांगलं. चाळिसाच्या वर असला तरच ऑपरेशनसाठी नाव पुढे जातं."

"तो आकडा खोटा आहे."

"कुणी दिला?"

"मी."

टॅम्सिनने यादी मिटली. "नोएलिन, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं मी. बटणं लावता येतात का विचारलं, बटणं आहेत का हे नाही विचारलं. आता बदल तो."

"तो नाही बदलता येत. मार्चमध्ये सगळं बंद झालं." तिचा आवाज खाली आला. "नवा फॉर्म भरून देते. रांग दीड वर्षाची आहे. आणि आकडा एकदम अकरावरून साठावर गेला, तर वरचे विचारतील, ऑपरेशन हवं म्हणून वाढवलाय का."

"आणि त्या पडद्यावरच्या रेघेत मी आहे?"

"तुमच्या एकटीने रेघ हलत नाही."

"माझ्या एकटीचं नाही म्हणत मी. बाहेर जाऊन कप बघ."

टॅम्सिनने दाराकडे पाहिलं, पण गेली नाही. तिच्या हातातली किटली गार होत होती.

घरी आल्यावर नोएलिनने कोट न काढताच मर्वला फोन लावला.

"मर्व, हात गेलाय."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं. त्याने त्याला गप्प केलं.

"कधी?"

"पहिल्यापासून."

"दर शुक्रवारी विचारलं की गं मी तुला."

"विचारलंस."

"जनेल क्वीन्सलंडला गेली. वुराबिनला सोमवारपासून सहा हजार मेंढ्या उभ्या आहेत, नोएली. टेबलाशी कोण उभं करू, माझ्या आईला?"

मर्वने शिवी दिली नाही, दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "आता सांगतेस," आणि मग ज्यांच्याकडे शिक्का आहे अशी नावं विचारू लागला. तिने दोन सांगितली. त्याने लिहून घेतली, अक्षरं परत विचारून, आणि फोन ठेवला.

दुखतं का, असं त्याने विचारलं नाही. आज विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.