दोन तासांचा अंदाज

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण हवेच्या कामात त्याने लक्ष घालावं हे मला मान्य नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर हवामानाच्या कार्यालयात माझी नोकरी. ढग कशाने येतात हे मी दिवसभर लिहायचो आणि घरी वसईजवळच्या गास गावी आलो की शेजारच्या काकू विचारायच्या, उद्या भात कापू का रे? मी कापा म्हणायचो, तरी त्या एकदा अप्पांना विचारून खात्री करून घ्यायच्या. अप्पा म्हणजे माझे वडील. बागेतली पहिली फुलं शेजारच्या निर्मळ गावच्या शंकराला वाहिल्याशिवाय ते एक पाकळी बाजारात जाऊ देत नसत. आमच्या घरात हवामानखातं कोणाचं, यावरून माझी बरीच थट्टा व्हायची आणि मीही ती चालवून घ्यायचो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऑक्टोबरात अप्पांच्या पित्ताशयात पू झाला. वसईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तातडीने ऑपरेशन सांगितलं, तर अप्पा हटून बसले. धाकट्या नंदूला पाहिल्याशिवाय मी आत जायचा नाही, म्हणाले. आई गेली तेव्हा दिल्लीला असणारा माझा हा भाऊ पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि ती सल दोघांच्याही मनात होती. आम्ही हातापाया पडलो. डॉक्टर चिडले, मग निरुपायाने म्हणाले की उद्या सकाळपर्यंत थांबतो, त्यापुढे माझ्या हातात काही नाही. नंदूला दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या विमानाचं तिकीट होतं, ते धडपडून त्याने त्याच दिवसाचं करून घेतलं. मी रजा टाकायला निघालो, कारण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. अप्पांनी माझा हात धरला.

"तू तुजं काम कर. त्याला आनायचं ते निर्मळचा शंकर आनील."

नंदू माझ्याच विमानतळावर उतरणार होता, त्यामुळे त्याला घेऊनच परत येऊ असा विचार करून मी कामावर गेलो.

पाऊस परतीला लागला की आमच्याकडे दुपारी हवेत दोन वाऱ्यांची गाठ पडते. समुद्रावरून जड, दमट वारं आत शिरतं आणि डोंगरांकडून कोरडं वारं खाली येतं. दोन्ही जिथे भिडतात तिथे तापलेली दमट हवा वर फेकली जाते. वर गार होऊन तिचं पाणी होतं, पाणी होताना ती ऊब सोडते, आणि त्या उबेने ढग आणखी वर चढतो. तासाभरात डोंगराएवढा होतो. विमानाला खरी भीती विजेपेक्षा त्या ढगातून खाली कोसळणाऱ्या गार वाऱ्याची. तो जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारं लागतं, आणि पुढच्याच क्षणी ते पाठीमागून लागतं. पंखांखालचा आधार जातो आणि विमान खाली बसतं. जमीन जवळ असेल तर सावरायला वेळ उरत नाही.

त्या दुपारी तुंगारेश्वराच्या डोंगराच्या अंगाने असाच एक ढग उठला आणि बघता बघता विमानतळावर आला. धावपट्टी दिसेना. विमानं समुद्रावर घिरट्या घालू लागली आणि त्यांतलं एक नंदूचं होतं.

आमच्या कामाची रीत अशी की दर अर्ध्या तासाला हवेचा अहवाल द्यायचा आणि त्याच्या शेपटाला पुढच्या दोन तासांचा अंदाज जोडायचा. वैमानिक उरलेलं इंधन बघतो, आमचा अंदाज ऐकतो आणि थांबायचं की दुसरीकडे जायचं ते ठरवतो. आता तो अंदाज मला लिहायचा होता. लवकर उघडेल असं लिहिलं असतं तर विमान थांबलं असतं. पण रडारवर त्या ढगामागे दुसरा ढग उभा राहताना दिसत होता. माझा एक शब्द, आणि नंदू अप्पांसमोर उभा राहील, असं मन पुन्हा पुन्हा सांगत होतं. त्या विमानात आणखी कोणाकोणाचे नंदू होते. अप्पांचं बोलणं कानात होतं. जन्मात पहिल्यांदा मी मनापासून म्हटलं, देवा, माझं काम मी करतो, बाकीचं तू बघ. आणि दिसत होतं तेच लिहिलं: वादळ राहील, उघडीप नाही. थोड्या वेळाने विमान अहमदाबादकडे वळल्याचं कळलं.

पुढे काय व्हावं! मागचा ढग खाडीवर येता येताच विरला. चक्क ऊन पडलं. मी खिडकीशी उभा राहून रडलो. सहकारी समजूत घालत होते की असं होतं, हवा आहे ती. ते मलाही ठाऊक होतं. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. वैमानिकांची कामाची वेळ संपल्यामुळे विमान अहमदाबादहून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघणार नव्हतं आणि नंदूचा पत्ता नव्हता. माझी सगळी आशा संपली होती.

उजाडता उजाडता नंदू दारात उभा. विमानात त्याच्या शेजारी अहमदाबादचेच एक गृहस्थ होते. मुंबईला निघालेला माणूस आपल्याच गावी परत उतरला होता. नंदूची घालमेल पाहून त्यांनी विचारपूस केली. वसई म्हटल्यावर म्हणाले, मग विमानाची वाट कशाला बघता, आमची गाडी मुंबईच्या आधी वसईलाच येते. स्वतः स्टेशनवर नेलं, ओळखीच्या तिकीट तपासनिसाला सांगून बसायला जागा मिळवून दिली, आणि नंदू नाव विचारेपर्यंत गर्दीत दिसेनासे झाले. अप्पांनी नंदूच्या तोंडावरून हात फिरवला आणि डॉक्टरांना म्हणाले, चला.

ऑपरेशन नीट पार पडलं. याला कोणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही. त्या अनोळखी गृहस्थांना मात्र मी रोज मनातून नमस्कार करतो, आणि तो कुठे पोचतो याची मला शंका नाही.

अप्पा शुद्धीवर आल्यावर मी जवळ बसलो होतो. त्यांनी हळूच विचारलं, काल हवा बरोबर सांगितलीस का? मी म्हटलं, चुकली, अप्पा.

"पन खोटी नाय ना सांगितलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग झालं," अप्पा म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.