सासूबाईंच्या आवाजाची रेघ

समोरच्या कात्रीबाईंनी म्हणे सासूचा आवाज बंद करायचं यंत्र घरात आणलंय! खालच्या शिवणवाल्या मावशींनी ही बातमी जिन्यातल्या जिन्यात सगळ्या मजल्यांवर पोचवली. त्या अभ्रे द्यायला गेल्या, तर आतून सासूबाई "पहिली दोन वर्षं..." म्हणायच्या आणि मधेच गप्प. पुन्हा "पहिली दोन वर्षं..." आणि पुन्हा गप्प. आणि सूनबाई आपल्या खुर्चीत बसून बटणं दाबताहेत! ऐकणाऱ्यांनी डोळे मोठे केले. दोघींनी तर यंत्र कुठे मिळतं तेही हळूच विचारून घेतलं.

खरं होतं ते नेमकं उलटं. सासूबाई त्या वेळी गच्चीवर उन्हात बसल्या होत्या. बोलत होता तो संगणक. कात्रीबाईंचा धंदा व्हिडिओ जुळवण्याचा. लोकांचे वाढदिवस, निरोपसमारंभ कापायचे, जोडायचे, आवाज कमी-जास्त करून द्यायचे. म्हणून हे नाव. जीभही त्याच धारेची, हा योगायोग.

या खेपेला काम घरचं होतं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्या समारंभात पडद्यावर दाखवायची फिल्म. चित्रण थोरल्या दिरांनी मोठ्या हौसेनं केलेलं. आईबाबांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं आणि कॉलरचा माईक लावला तो एकट्या बाबांना. आई काय, असतेच बाजूला!

आता सासरे बोलले की संगणकावरची आवाजाची पट्टी उड्या मारत थेट तांबडी व्हायची आणि सासूबाई बोलल्या की ढिम्म. घड्याळदुरुस्तीचं दुकान आपण एकहाती कसं उभं केलं ते सासरे रंगवून सांगत होते आणि त्यांच्या वाक्याखाली काहीतरी पुटपुटल्यासारखं येत होतं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकची पट्टी कात्रीबाई एरवी बंदच ठेवायच्या. ती त्यांनी उघडली. कॅमेरा सासूबाईंच्या बाजूला होता. पंख्याच्या घरघरीत त्यांचा आवाज सापडला.

"पहिली दोन वर्षं दुकान मीच चालवलं. हे अंथरुणाला खिळून होते."

कात्रीबाईंचं टाळकंच फिरलं. सासूशी त्यांचं रोज वाजायचं, मिठावरून, पडद्यांच्या रंगावरून, ओल्या टॉवेलवरून. पण इतक्या भांडणांत ही दोन वर्षं सासूबाईंनी एकदाही तोंडावर फेकली नव्हती!

त्यांनी सासऱ्यांच्या आवाजाची रेघ तेवढ्यापुरती खाली ओढली, सासूबाईंची वर नेली. तर पंखाही वर! मग दातओठ खात रेघेवर एकेका शब्दापाशी टिंबं मारत बसल्या. शब्द आला की रेघ वर, शब्द संपला की खाली.

तेवढ्यात सासूबाई गच्चीवरून आल्या. "किती वेळ तेच तेच लावलंयस? डोकं उठलं माझं!"

"तुमचंच आहे ते."

सासूबाईंनी कान दिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "पुसून टाक बाई. यांना वाईट वाटेल."

"तुम्ही गप्प बसा! मी तुमचा आवाज वाढवतेय!"

सासूबाई तरातरा निघाल्या. दारापाशी थबकून म्हणाल्या, "दुकान झाडायचेही मीच."

"मग ते तेव्हा बोलायचं होतं ना!"

संध्याकाळी थोरले दीर फिल्म बघायला आले. मान डोलवत बघत होते. ते वाक्य खणखणीत वाजलं आणि मान जागच्या जागी थांबली.

"हे काय? इथे आईला खाली घे. वर एखादी धून टाक."

"का?"

"अगं, ही बाबांची गोष्ट आहे. चारचौघांत शोभा करायची का त्यांची?"

"लग्नाला पन्नास वर्षं एकट्या बाबांच्याच झाली का, भाऊजी?"

"उगाच वाद घालू नकोस. आईचा आवाजच बारीक. तिला कुठे हौस असते बोलायची?"

"आवाज बारीक नाहीये त्यांचा! माईक कुठे अडकवला होतात तुम्ही?"

कात्रीबाईंचे यजमान या वेळी दाराशी नीट लावलेले बूट पुन्हा नीट लावत होते. भावाकडे बघावं तर बायको दिसत होती, बायकोकडे बघावं तर भाऊ.

"मीच करतो खाली," म्हणत दिरांनी माउसला हात घातला. कात्रीबाईंनी माउसची वायर उपटली, माउस मांडीवर घेतला आणि कीबोर्डवरून पक्की फिल्म काढायचा हुकूम सोडला. संगणक कामाला लागला. ते वाक्य होतं तसं, वरच्या पट्टीत.

दीर लालबुंद झाले. "कमाल आहे तुझी! जन्मात कधी आईशी पटलं नाही तुझं. आणि आज तिची वकिली?"

कात्रीबाई म्हणाल्या, "नाहीच पटत. पण मी भांडते त्यांच्याशी, म्हणजे त्या काय बोलतात ते ऐकते तरी. तुम्ही कधी भांडलात?"