आबांचा डावा डोळा

आमच्या आबांनी होणाऱ्या विहीणबाईंना डोळा मारला, तो माझ्या सांगण्यावरून.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा दरारा असा, की ते पारावर आले की बसलेली माणसं विड्या विझवतात. पण सोयाबीनचे भाव पडले म्हणून सरकारने अनुदान जाहीर केलं, आणि ते हवं तर मोबाईलसमोर डोळे मिचकावून शेतकरी जिवंत असल्याचं सिद्ध करायचं होतं. त्याची मुदत संपायचा दिवस आणि माझ्या बहिणीला, पूनमला, बघायला कर्जतची मंडळी यायचा दिवस नेमका एकच निघाला. (पंचांग बघून ठरवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं!) पूनमने आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडलं होतं. या मुलाचा फोटो बघताना मात्र तिने अख्खं दूध उतू घालवलं. त्यामुळे आईने सकाळीच दम भरला, "आज काय इपरीत केलंत तर याद राखा!"

मंडळी यायच्या आत उरकू म्हणून मी आबांना अंगणात उन्हात खुर्चीवर बसवलं. मी मोबाईल धरून त्यांच्यासमोर, पाठ फाटकाकडे.

"आबा, डोळे मिचकावा."

"कुनाला?"

"मोबाईलला! त्याबिगर त्यो वळखत न्हाई."

"आरं, उजव्याचं आपरेशन झालंय. डाक्टरनी दाबू नका म्हनलंय. डाव्यानं चालंल का?"

"चालंल! पन दनकून मारा!"

आबांनी मारला. मोबाईल ढिम्म. 'पुन्हा प्रयत्न करा.'

"आजून एकदा! आन तोंड आंबट करू नका, जरा हसा!"

आबा हसले (हे मी जन्मात प्रथमच पाहिलं!) आणि मारला. मग एकाएकी त्यांचं हसू मावळलं, मान वळायला लागली.

"मान हलवू नका! समोर बघा!"

"आरं, पर समोर..."

"समोर काय बी असू द्या! मुदत संपतीय! मारा!"

आबांनी मारला. माझ्या मागे कुणीतरी खाकरलं. वळून बघतो तर फाटकात मुलगा, त्याचे मामा आणि सर्वांत पुढे, बरोबर आबांच्या डाव्या डोळ्यासमोर, मुलाची आई!

तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन आमची आई बाहेर आली. तिने सगळं पाहिलं होतं.

"अवो, मला न्हाई मारला कवा!"

दाराआडून पूनमचा हुंदका ऐकू आला. पोरीला एक स्थळ आवडलं होतं, तेही मीच मोडलं.

मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले. रडताहेत की काय?

"सोयाबीनचं का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"व्हय," आबा जमिनीला म्हणाले.

"आमचं मालक काल दिसभर मारत बसल्ते! मान लचाकली, म्हनून तर आले न्हाईत!"

मग जो हशा पिकला, त्यात पोहे यायच्या आधीच सोयरीक ठरली. पूनमने या वेळी चहा उतू घालवला.

अनुदान अजून आलेलं नाही. मोबाईलच्या मते आबांचा चेहरा आबांशी जुळत नाही.

निघताना मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यांचं जमलं का न्हाई कुठं?"

"बघतोय," आबा म्हणाले.

"करत्यात काय?"

"शेती."

मामांनी लगबगीने चपला घातल्या.

आबांनी एका डोळ्यात सोयरीक जमवली. माझे दोन्ही डोळे धडधाकट आहेत, पण शेती करतो म्हटलं की समोरून पापणीसुद्धा लवत नाही!