फॉर्मातला हजबंड

लग्न होऊन मी केनवडला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, शेळीपालनाच्या योजनेचा फॉर्म आणला. त्या चौथी शिकलेल्या. मराठी टपोऱ्या अक्षरात लिहितात. फॉर्म मात्र सगळा इंग्रजी. मला शाळेत शिकवायला जायची बस गाठायची होती. घाईघाईत मी प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीनं उच्चार लिहून दिला आणि म्हटलं, "संध्याकाळी आले की भरते."

संध्याकाळपर्यंत कुठला धीर! मी येईपर्यंत फॉर्म भरून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवूनही झालं होतं. "झालं वो बाई. सोपा होता."

मी उघडून पाहिला नाही. ही माझी चूक.

सोमवारी आम्ही तिघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मामंजी सहसा पानठेल्याच्या पुढं जात नाहीत, पण बायकोच्या नावावर शेळ्या येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डॉक्टरांनी पाकीट फोडलं. वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"बाई, 'हजबंड नेम'पुढं तुम्ही लिहिलंय, 'सध्या नाही. गरज पडली की शेजाऱ्याचा आणतो.'"

बाकावरची माणसं वळून मामंजींकडं बघायला लागली. मामंजी उभे राहिले.

"अन् मंग मी कोन व्हय?"

"तुमचं काय काम त्यात?" आत्याबाई म्हणाल्या. "फॉर्म बकऱ्यायचा हाय. वरतं लिवलं ना, ॲनिमल हजबंडरी. हजबंड म्हंजे नवरा, येवढं समजते मले. जनावराचा नवरा म्हंजे बोकड. आपल्याजवळ हाय का बोकड?"

"नाही," मामंजी म्हणाले.

"मंग? सरकारले खोटं सांगू?"

कंपाउंडर औषधांचं खोकं घेऊन बाहेरच पळाला. डॉक्टरांना खोकला लागला, तो थांबेना.

"काहून हासून राह्यले सगळे?" आत्याबाईंनी मला विचारलं. मी कानात सांगितलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि आतल्या आत इतक्या हसल्या की बाक हलायला लागला.

डॉक्टरांनी नवा फॉर्म दिला. पण ज्या नवऱ्याचं नाव जिंदगीत घेतलं नाही, ते लिहायला आत्याबाई तयार होईनात. शेवटी मामंजींनीच लिहिलं, इतकं मोठं की ते शेजारच्या रकान्यात शिरलं.

रात्री जेवताना मामंजींनी मला हजबंडचा खरा अर्थ विचारला. मी मोबाइलवर डिक्शनरी काढली. मुळात घरधनी. त्यावरून हजबंडरी, म्हणजे शेती आणि जनावरांची निगा. आणि क्रियापद म्हणून, काटकसरीनं, जपून वापरणे.

"जनावरं पाहणारा?" आत्याबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या. "पानठेल्याचं काही लिवलं नाही का?"

मामंजींनी मात्र शेवटचा अर्थ उचलला. शेळ्या आल्या, तशी आत्याबाईंनी त्यांना चारा आणायला सांगितलं. ते खाटेवरूनच म्हणाले, "हजबंड जपून वापरा लागते. डिक्शनरीत हाय."

"जपूनच तं ठेवला," आत्याबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्सं झाली, अजून कोरा हाय."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. मग ते उठले, विळा घेतला आणि शेताच्या धुऱ्याकडं निघाले.