पॅनल पुसायला पिण्याचं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच दुष्काळात आमच्या अहमदपूरच्या घरावर सौर पॅनल बसले. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि यांचं कापडाचं दुकान होतं. नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी यायचं नाही. बोअर आणखी खोल घ्यावा म्हणून मी पैसे बाजूला ठेवले होते, तेच पैसे यांनी छतावर घातले.

"खाली जाऊन काय मिळणार? धुराळा," हे म्हणाले. "वर ऊन फुकट हाय. आता बिल शून्य येतंय बघ."

नांदेडहून माणसं आली आणि दोन दिवसांत काम उरकून गेली. जाताना त्यांनी बजावलं होतं की मीटर बदलून मिळेपर्यंत चालू करू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी यांनी खटका वर केला आणि शेजारच्या मावशींना मुद्दाम बोलावून पंख्याखाली बसवलं. लोडशेडिंगची वेळ झालेली.

"आता साऱ्या गल्लीची लाईट जाईल. आपला पंखा बघा," हे म्हणाले.

गल्लीची लाईट गेली. आमचा पंखाही दोन गिरक्या घेऊन थांबला.

यांनी लगेच नांदेडला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे सांगत होता, "साहेब, बाहेरची लाईट गेली की हे आपोआप बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. तुम्ही बॅटरी घेतलीच कुठं?"

मावशींनी पदरानं वारा घेत विचारलं, "मंग एवढं ऊन वर काय करून राहिलंय?"

महिना संपला आणि बिल आलं. ते आधीपेक्षा जास्त! मी ते घेऊन वीज कार्यालयात गेले, हेही मागोमाग आले. तिथल्या कारकुनानं बिल उलटसुलट पाहिलं.

"जुन्या मीटरला आलेली वीज आन् गेलेली वीज यातलं काई कळत न्हाई, मॅडम. सगळी तुमच्याच नावावर मोजली."

"म्हणजे वीज आम्हीच द्यायची आणि तिचे पैसेही आम्हीच भरायचे?"

"हाव. पण मीटर बदलायच्या आधी चालू केलं कुणी?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मीटरची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणाहून व्हायची होती. "नवा जिल्हा झाला की असली कामं जवळच होतील," कारकून आमची समजूत घालत म्हणाला. नव्या जिल्ह्याच्या गप्पा मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. शाळेला रजा टाकून मी एसटीनं तीनदा लातूरला गेले, तेव्हा कुठं नवीन मीटर लागलं.

आता तरी सुटलो असं वाटलं, तर पॅनलवर धूळ बसू लागली. त्या उन्हाळ्यात रान उघडं पडलेलं, वारा सुटला की घरात ताटातसुद्धा माती यायची. वीज कमी बनू लागली. यांनी बोअरच्या तळातलं पाणी ओतून पॅनल धुतले. ते पाणी इतकं क्षाराचं, की वाळल्यावर काचेवर पांढरे डाग उठले. वीज आणखी कमी.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर हे खांद्यावर पिण्याच्या पाण्याचा विकतचा जार घेऊन जिना चढत होते.

"कुठं निघालात?"

"गोडं पाणी लागतंय त्याला. डाग पडत न्हाईत."

तेवढ्यात मावशी दारात आल्या. हातात रिकामी कळशी. त्यांच्याकडचा टँकर दोन दिवस आला नव्हता. जिन्यावर जार घेतलेला माणूस पाहून त्या ओशाळल्या. "राहू द्या, कामात दिसताय," म्हणत परत वळल्या.

"मावशी, थांबा," मी म्हणाले आणि यांना खाली यायला सांगितलं. आवाज बहुधा वर्गातला लागला असावा. हे निमूट उतरले आणि त्यांनीच जार वाकवून कळशी भरली.

पहाटे उठून मी जुनं सुती लुगडं फाडलं, तांब्याभर पाण्यात एक फडका भिजवून घट्ट पिळला आणि वर गेले. ओल्या फडक्यानं पुसायचं, लगेच कोरड्यानं. डाग राहिले, पण धूळ निघाली. दुसऱ्या टोकाकडून हेही पुसत आले. त्यांचा तसा नेम झाला तो झालाच.

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि बिल खरंच उतरलं. शून्य कधी आलं नाही. वीज वापरा, न वापरा, त्यात ठरलेला आकार असतोच. त्यावरून हे दर महिन्याला चिडायचे. तरी पूर्वीच्या मानानं ते बिल पाहून मला बरं वाटायचं, हे मी यांना कधी कबूल केलं नाही.

मग एका उन्हाळ्यात यांनी एसी आणला. "वीज आपल्या घरचीच हाय की!"

त्या महिन्याचं बिल पूर्वीच्या आकड्याला जाऊन टेकलं. हे चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. "बचत गेली कुठं?" मलाच विचारलं.

"भर दुपारी चादर पांघरून झोपता ना," मी म्हणाले, "त्यात."