फोडणीची मेंदी

श्यामलाकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. खराडीतली नोकरी बेताची, विश्रांतवाडीतला फ्लॅट तर इतका बेताचा की फ्रीज उघडला की स्वयंपाकघर बंद. केस मात्र होते. काळेभोर, कमरेपर्यंत. त्या जोरावर ती दिवाळीत मोठ्या जावेला, उत्कर्षाला, सगळ्या सासरच्यांसमोर म्हणाली होती, "आमच्या माहेरी पन्नाशीपर्यंत केस पिकत नाहीत हो वहिनी. रक्तातच आहे."

उत्कर्षा आदल्याच दिवशी केस रंगवून आली होती. ती नुसती हसली.

तीच उत्कर्षा रविवारी जेवायला येणार, आणि शनिवारी तेल लावता लावता सृष्टी ओरडली, "आई, पांढरा सापडला! थांब, शेजारी भाऊपण आहे!"

"हळू बोल."

"अगं, अख्खी फॅमिली आहे!"

पार्लरमध्ये जायची सोय नव्हती. पार्लरवाली उत्कर्षाची मैत्रीण. म्हणून लेकीवर न सोपवता श्यामलाने स्वतःच लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली आणि झाकून ओट्यावर ठेवली. सकाळी ती कोथिंबीर आणायला खाली गेली.

परत आली तर घरभर हिंगाचा घमघमाट. नवरा, दत्तप्रसाद, हातात पळी घेऊन उभा. त्याला स्वयंपाकातलं एकच येतं, फोडणी. आणि त्याचा त्याला फार अभिमान आहे.

"तुझं अळूचं फदफदं ओट्यावर गार पडलं होतं. मस्त चुरचुरीत फोडणी दिली."

"चव घेतलीत?"

"कडू आहे. गूळ घाल."

"अहो, ती मेंदी होती!"

दत्तप्रसादने क्षणभर विचार केला. "तरीच शेंगदाणे लागेनात."

दुसरी मेंदी भिजवायला वेळ कुठे होता? श्यामलाने वरचं तेल निथळलं, दिसली तेवढी मोहरी वेचली आणि देवाचं नाव घेऊन लावली. मग शाम्पू, पुन्हा शाम्पू. पांढरे केस गेले. हिंग राहिला.

"अळू केलंयस वाटतं," उत्कर्षा दारातूनच म्हणाली. पानावर खरं अळू आलं. तिने वाटीचा वास घेतला, मग श्यामला वाढायला वाकली तसा तिचा. हात लांब करून जावेच्या केसांतून काहीतरी उचललं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

"मोहरी. तडतडलेली."

"फोडणी उडाली हो, वहिनी."

"वेणीत?"

सृष्टी तोंडावर ओढणी दाबून बाल्कनीत पळाली. दत्तप्रसाद पंख्याकडे बघत बसला. श्यामलाने ओठ घट्ट मिटले, पण हसू नाकातून फुटलं. "पिकले वहिनी! रक्तबिक्त काही नाही. पिकले, आणि यांनी मेंदीला फोडणी दिली!"

उत्कर्षा इतकी हसली की तिचा ठसका थांबेना. पाणी पिऊन, डोळे पुसून तिने हळूच विचारलं, "उरलीय का?"

"अळू?"

"मेंदी गं. त्या बाटलीतल्या रंगाने माझं डोकं नुसतं खाजतं. पण सांगणार कोणाला? तू रक्ताच्या गोष्टी काढून बसलेलीस."

जेवणं झाल्यावर बाल्कनीत उत्कर्षा डोक्याला भाजीची पिशवी बांधून बसली आणि श्यामला तिच्या मानेवरचे ओघळ पुसत राहिली.

"भाऊजी," उत्कर्षाने आत हाक मारली, "पुढच्या वेळी मोहरी नको. मला जिऱ्याची चालते."